खंडेनवमीचा स्केटबोर्ड

डेल्फ्टच्या त्या घरात खोबरेल तेलाची बाटली हीटरवर असायची, वर्षातले सात-आठ महिने तरी. स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली की रात्रीतून तिचा पांढरा दगड होई. म्हणून आई सकाळी उठली की आधी बाटली बैठकीच्या खोलीतल्या हीटरवर आडवी ठेवायची आणि मग चहाचं आधण. मी दात घासून येईपर्यंत तेल कडेनं सुटायला लागलेलं असे आणि मधे पांढरा गोळा तरंगत असे. सुटलेल्या तेवढ्या तेलात आई माझी वेणी घालायची, घट्ट, डोळे ताणले जातील अशी. वर्गात माझ्या मागे बसणारी मुलं नाक वर करून हुंगायची आणि एकमेकांना सांगायची की कोणीतरी चॉकलेट खातंय, कारण खोबऱ्याचा वास त्यांना चॉकलेटातूनच माहीत होता. मला त्या वासाची लाज वाटायची. हे सगळं प्रकरणच लाजेचं आहे, तेव्हा ही पहिली लाज आधी सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्याच्यासमोर ती अगदीच किरकोळ आहे.

मिरजेहून आम्ही आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते, मराठी शाळेत सहावीत शिकणारी. बाबा तिथल्या तांत्रिक विद्यापीठात पाण्याच्या दाबावर काही संशोधन करायचे. ते काय होतं हे मला आजही धड सांगता येणार नाही. आमचं घर चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दारासमोर लांबलचक उघडा सज्जा, आणि त्या सज्ज्यावरून बारा महिने वारा. बाबांचं इंग्रजीवर भागायचं. आईला इंग्रजी जेमतेम येई आणि डच मुळीच येत नसे. मला वर्षभरात डच फाडफाड यायला लागलं आणि मी आईचं तोंड झाले. डॉक्टरकडे मी, नगरपालिकेत मी, शाळेत पालकांना बोलावलं तरी मधे मीच. आई मराठीत पाच वाक्यं बोलायची, मी त्यातली दोन पुढे पाठवायची. बाईंनी पाच वाक्यं माझ्याविरुद्ध सांगितली तर त्यातलं एक गोड करून आईला द्यायची. याला खोटं म्हणतात असं तेव्हा मला वाटत नसे. निवडणं-पाखडणं असंच काहीतरी वाटायचं. आई माझ्या तोंडाकडे विश्वासानं बघत राहायची, आणि त्या बघण्याची मला इतकी सवय झाली होती की त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

सोळाव्या वर्षी मला मारिके भेटली, म्हणजे शाळेत होतीच, पण कळली तेव्हा. उंच, हाडकुळी, कोपरांवर कायम खपल्या, आणि बगलेत स्केटबोर्ड. स्टेशनजवळच्या चौकात दगडी बाकं होती आणि पाच पायऱ्या होत्या. तिथे सात-आठ मुलं जमायची आणि त्यांच्यात ही एकटी मुलगी. मी आधी नुसती बघायला जायची. तो आवाज मला आजही झोपेतून उठवेल. आधी फरशांच्या सांध्यांवरून जाणारी खडखड, मग एकदम शांतता, कारण फळी आणि माणूस दोन्ही हवेत आहेत, आणि मग चारही चाकं एकदम टेकल्याचा ठाप्पकन आवाज. ठाप्प नीट आला नाही तर माणूस खाली आणि फळी रस्त्यावर. मारिकेनं मला आपल्या जुन्या फळीवर शिकवायचा प्रयत्न केला. मी एक पायरी उतरण्यापर्यंत मजल मारली आणि तिथेच थांबले. पण मला तिच्या करामती क्रमानं लक्षात राहायच्या. कुठल्या बाकावर काय, मग कुठे वळायचं, मग पायऱ्या. मी ते वहीत लिहून काढायची आणि ती माझ्याकडून पाठ म्हणून घ्यायची, पाढ्यांसारखं. चौकातल्या मुलांना माझं नाव नीट घेता यायचं ते त्या वहीमुळे. नीला, वहीवाली.

रस्त्यावरच्या स्केटिंगच्या स्पर्धा तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या. त्याआधी स्पर्धा म्हणजे मोठ्या लाकडी उतारांवरच्या. आता कोणीतरी ठरवलं की रस्त्यावर जे असतं तेच आत आणायचं. लाकडाची बाकं, लाकडाच्या पायऱ्या, एक लोखंडी कठडा, आणि प्रत्येकाला एक मिनिट. गुण कसे द्यायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन जण टेबलामागे बसायचे आणि आपापसात कुजबुजून आकडा लिहायचे, बस्स. आमच्या गावात स्केटबोर्डचं दुकान चालवणारा बर्ट त्या तिघांतला एक. तिशीतला, मऊ बोलणारा, सगळ्या मुलांचा थोरला भाऊ असल्यासारखा. हार्लेमच्या स्पर्धेतून तो दोघांना आपल्या व्हॅनमधून जर्मनीतल्या मोठ्या स्पर्धेला नेणार होता. दोघांतला एक रुबेन असणार हे ठरल्यातच जमा होतं. दुसरी जागा मारिकेला हवी होती. मुलगी मुलांच्या यादीत उभी राहतेय हेच तेव्हा नवीन होतं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

रुबेनबद्दल सांगायला हवं. सतरा वर्षांचा, ठेंगणा, फारसं न बोलणारा. फळीवर मात्र असा की त्याची पाळी आली की बाकीचे आपापल्या फळ्या खाली ठेवून बघत उभे राहायचे. त्याची आई एका चर्चमध्ये साफसफाई करायची आणि उरलेल्या मेणबत्त्यांची थोटकं घरी आणायची. ती थोटकं रुबेनच्या खिशात असत. दगडी बाकाच्या कडेला मेण घासलं की फळी त्यावरून सुळकन घसरते. ते काम सगळ्यांसाठी रुबेन करायचा, कुणी न सांगता, अंगण सारवल्यासारखं. त्याच्या जीन्सचे खिसे मेणानं कडक झालेले असायचे.

मारिकेचे आईवडील वेगळे राहत. शनिवारी ती हेगला वडिलांकडे जायची आणि वडिलांना स्केटबोर्ड डोळ्यासमोर नको असायचा. म्हणून स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी तिनं आपला नवा बोर्ड माझ्याकडे ठेवला. रविवारी सकाळी मी डेल्फ्टहून गाडीत बसायचं, ती हेगला चढेल, मग दोघी हार्लेमला. बोर्ड मी पलंगाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

मिरजेला आमच्याकडे खंडेनवमीला स्कूटर असायची, आजोबांच्या छापखान्यातलं यंत्र असायचं, बाबांची अवजारपेटी असायची. डेल्फ्टला पूजेला मांडायला काही उरलंच नव्हतं. पहिल्या वर्षी आईनं शिवणयंत्र, कुकर, विळी आणि बाबांचा कॅल्क्युलेटर मांडला होता आणि पाटाकडे बघून तिला रडू आलं होतं. त्या शनिवारी मी ग्रंथालयातून दुपारी घरी आले तर बैठकीत उदबत्तीचा वास, शेजारच्या आजींच्या कुंडीतले झेंडू, आणि पाटावर शिवणयंत्राच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभा, मारिकेचा बोर्ड. चारी चाकांना हळदीकुंकू. बोर्डाच्या पोटावर एक कवटी रंगवलेली होती, दात विचकणारी; आईनं त्या कवटीच्या कपाळालाही चांगलं ठळक कुंकू लावलं होतं. वर एक झेंडू.

मी किंचाळलेच. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला वाटलं मला काही चावलं. मी म्हणाले, हे काय केलंस, हा आपला नाहीये. ती म्हणाली, दुसऱ्याचा आहे म्हणून तर जास्त नीट धुतला. धुतला? हो, न धुता पूजेला कसा घ्यायचा? न्हाणीत घेऊन ब्रशनं घासला, पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेल्या खरखरीत कागदातून काळं पाणी निघता निघेना. मग चाकं कुरकुरायला लागली. शिवणयंत्राचं तेल संपलेलं, म्हणून हीटरवरचं खोबरेल चारी चाकांत सोडलं आणि बोर्ड दोन तास हीटरपाशी वाळवला. "तुम्ही पोरी त्याच्यावर पाय ठेवता," ती म्हणाली. "पडू नये कुणी, म्हणून केली पूजा."

त्या दिवशी मला या वाक्याचं काहीच वाटलं नाही. मी झेंडू भिरकावला, तोंडाला येईल ते बोलले, बोर्ड ओढून खोलीत नेला आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसत बसले. चाकांवरचं निघालं, कवटीवरचंही निघालं. वरच्या खरखरीत कागदात शिरलेलं कुंकू मात्र गेलं नाही, गुलाबी डाग राहिला. चाकं फिरवून पाहिली तर लोण्यासारखी फिरत होती. हीटरच्या उबेत तेल पातळच होतं. माझा जीव भांड्यात पडला. आई बाहेर एकटीनंच आरती म्हणत होती, तो आवाज दारातून येत होता. मी गेले नाही.

रविवारी सकाळी गारठा होता. सज्ज्यावरून वारा, स्टेशनपर्यंत चालत, बोर्ड पाठीला बांधलेला. फलाटावर गाडीला दहा मिनिटं होती म्हणून मी सहज बोर्ड काढला आणि बोटानं चाक फिरवलं. ते अर्धा वळसा गेलं आणि थांबलं. दुसरं फिरवलं, तेही तसंच. रोज सकाळी जी बाटली मी डोळ्यांनी बघत होते तिच्यात काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डेल्फ्ट ते हेग म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात मी सगळं ठरवलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या आईनं तुझ्या बोर्डाला आंघोळ घातली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, आरती केली आणि चाकांत माझ्या केसांचं तेल घातलं. मग मारिके हसेल, बर्टला सांगेल, चौकात सगळ्यांना कळेल, आणि पाच वर्षं मी ज्या घराचं दार कुणापुढे उघडू दिलं नव्हतं ते सताड उघडेल. आज वाटतं, इतकं तरी कशाला? फळी ओली झाली, चाकं बिघडलीत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बर्टच्या पेटीत सुटी चाकं नेहमी असायची, पाच मिनिटांचं काम होतं. पण लाज माणसाला हिशेबी करत नाही, बावळट करते. हेगला मारिके चढली, तिनं बोर्ड मांडीवर घेतला, गुलाबी डाग पाहिला आणि हे काय म्हणाली. मी म्हणाले, चौकातल्या विटांची धूळ असेल. तिनं चाक फिरवलं नाही. तिचं लक्ष वहीत होतं. लायडन गेलं, हार्लेम आलं, आणि मी पूर्णवेळ तिला तिचा क्रम म्हणून दाखवत होते.

स्पर्धा एका जुन्या गोदामात होती. पूर्वी तिथे ट्यूलिपचे कांदे साठवत, त्यामुळे आत मातीचा आणि कांद्यांच्या सालपटांचा वास होता आणि बाहेरच्यापेक्षाही जास्त थंडी. कांद्यांना ऊब चालत नाही, म्हणून हीटर मुळातच नव्हते. मुलं तोंडातून वाफा काढत उड्या मारत होती. भिंतीलगत आमचं बाक होतं, त्यावर आमची पिशवी आणि बोर्ड. रुबेन एकदा आमच्याकडे आला. स्पर्धेतल्या लाकडी बाकाच्या कडेला मेण लावू का, कुठल्या बाजूनं चढायचंय, असं त्याला मारिकेला विचारायचं होतं. ती तेव्हा नाव नोंदवायला गेली होती, म्हणून मीच वही उघडून सांगितलं, डावीकडून. तो बरं म्हणाला आणि खिशातलं थोटूक काढून कामाला लागला. तिच्यासाठी, तिच्या बाजूनं.

मारिकेची पाळी आली. ती धावत आली, बोर्डवर उभी राहिली, एकदा पायानं रेटलं, दोनदा रेटलं, आणि बोर्ड चिखलात रुतल्यासारखा चालला. मी तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य बघितलं, मग राग. पहिलं बाक तिनं कसंबसं केलं. कठड्याला वेग लागतो, तो नव्हता. फळी कठड्यावर टेकली, तिथेच अडली आणि मारिके पुढे तोंडावर आपटली. ओठ फुटला, समोरच्या दाताचा तुकडा उडाला. ती स्वतःच उठली, रक्त बाहीला पुसलं, बर्टच्या टेबलापाशी जाऊन त्याच्याच पान्यानं एक चाक काढलं, आणि त्याच्या पोटात बोट घालून बाहेर काढलं. बोटावर पांढरं काहीतरी होतं.

कुणीतरी म्हणालं, मेण. आणि सगळे रुबेनकडे वळले. वळणारच. गावात ज्याच्या खिशात कायम मेण असतं असा एकच मुलगा होता, आणि व्हॅनमधल्या जागा दोनच होत्या. रुबेन म्हणाला, मी बाकाला लावतो, चाकाला कशाला लावू? त्यानं पुढे होऊन मारिकेच्या बोटावरचं थोडं आपल्या बोटावर घेतलं, चोळलं आणि नाकाशी नेलं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या वेणीकडे. तो चौकात माझ्या शेजारी कितीदा बसला होता. त्याला तो वास ठाऊक होता. मी वाट बघत राहिले की आता तो बोलेल, आणि तो काही बोलला नाही. का बोलला नाही, हे मी चाळीस वर्षं होत आली तरी स्वतःला विचारते. मला वाटतं, तो मला संधी देत होता.

बर्टनं मला विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "नीला, बोर्ड तुझ्याजवळ होता. रुबेन तुमच्या बाकापाशी आला होता का?"

मी म्हणाले, "हो. आला होता. मारिके नाव नोंदवायला गेली होती तेव्हा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. निवडायची आणि पाखडायची मला सवय होती.

रुबेनचं नाव यादीतून काढलं. त्याची फेरी झालीच नाही. त्यानं खिशातली थोटकं काढून बाकावर ठेवली, बोर्ड उचलला आणि गोदामाच्या मोठ्या दारातून बाहेर गेला. मारिकेला कुणाचीतरी चाकं लावून पुन्हा एक फेरी दिली. फुटक्या ओठानं तिनं बोर्ड असा काही चालवला की लोक उभे राहिले, आणि व्हॅनमधली जागा तिला मिळाली. येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला तिचं डोकं फार जड वाटत होतं.

संध्याकाळी घरी दसऱ्याचं जेवण होतं. इथल्या घट्ट दह्याचा चक्का बांधून आईनं श्रीखंड केलं होतं, पुऱ्या, बटाट्याची भाजी. आदल्या दिवशी मी इतकं बोलले होते तरी तिनं माझं पान पहिलं मांडलं होतं. बाबांनी स्पर्धेचं विचारलं. आता तिथे तरी खरं बोलायचं. पण दिवसभर जे म्हणत आले तेच तोंडात बसलं होतं. मी रंगवून सांगितलं, एक लबाड मुलगा आहे, त्यानं मारिकेच्या चाकात मेण भरलं, ती पडली, मग त्याला हाकलून दिलं. आईच्या हातात पुरी होती. ती तिथेच थांबली.

"पांढरं होतं?" तिनं विचारलं. "गोठल्यासारखं?"

मी मान खाली घातली. आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीतली खोबरेलाची बाटली आणून माझ्या पानापुढे ठेवली. पांढरी, घट्ट, उलटी केली तरी न हलणारी. तिला सगळं एका क्षणात कळलं होतं. रोज सकाळी तिनंच ती बाटली हीटरवर ठेवलेली होती. "मला कसं सुचलं नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एवढं रोज बघते, मला कसं सुचलं नाही." चूक तिची, असंच ती धरून चालली होती. मला काही ठाऊक होतं का, हे तिनं विचारलंच नाही. बाबा एवढंच म्हणाले, उद्या जाऊन सांगून या.

सोमवारी शाळा सुटल्यावर आई फाटकापाशी उभी होती. चांगली साडी, त्यावर कोट, हातात बिस्किटांच्या डब्यात रव्याचे लाडू. त्या पोराच्या घरी जाऊ म्हणाली. मी म्हणाले, घर मला माहीत नाही. मग ज्यानं काढून टाकलं त्याच्याकडे चल, ती म्हणाली. बर्टचं दुकान दोन गल्ल्यांवर होतं. आत दुसरं कुणी नव्हतं, एवढी तरी माझी सोय झाली होती. आई काउंटरपाशी गेली, डबा ठेवला, पदर सावरला आणि बर्टच्या डोळ्यांत बघून मराठीत बोलली. शाळेत कविता म्हणतात तशी, एकेक शब्द सुटा. वाटेत तिनं मनात घोकलं असणार.

"चाकात तेल मी घातलं. तुमच्या त्या मुलाची काही चूक नाही. त्याला परत घ्या."

मग ती माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे, त्याच विश्वासानं.

मी बर्टला म्हणाले, आमचा सण आहे काल-परवाचा, आईनं तुमच्यासाठी गोड आणलंय, आमची काळजी घेता म्हणून ती तुम्हाला थँक यू म्हणतेय.

बर्टचा चेहरा खुलला. त्यानं छातीवर हात ठेवून आईकडे बघून मान लववली. आईनं मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, ठीक आहे म्हणाले, बघतो म्हणाले. "घेतील ना त्याला?" घेतील, मी म्हणाले. आईनं बर्टला दोन्ही हातांनी नमस्कार केला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडल्यावर ती मोकळं मोकळं चालत होती. माझा हात धरून ती म्हणाली, बरं वाटलं बाई, कालपासून अन्न गोड लागत नव्हतं. वाटेत तिनं मला बेकरीतून एक गोड पावही घेऊन दिला. मी तो खाल्ला. हे मुद्दाम लिहिते, कारण घशाखाली उतरला नाही वगैरे काही झालं नाही. खाल्ला.

रुबेन पुन्हा चौकात आला नाही. हिवाळ्यात एकदा त्याचा बोर्ड दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली पाहिला. मारिके जर्मनीला जाऊन आली, नंतर आणखी पुढे गेली, आणि आमची मैत्री उन्हाळ्यापर्यंत आपोआप विरली. विरली म्हणजे मीच तिला टाळत होते. वही मी कालव्यात टाकली. आई पुढे सगळं आयुष्य दर खंडेनवमीला पूजा झाली की एक लाडू बाजूला काढायची, त्या मेणबत्तीवाल्या पोराच्या नावानं, आणि मला विचारायची, बरा आहे ना ग तो? बरा आहे, मी म्हणायची. शेवटच्या आजारातही विचारलं तिनं. तेव्हाही तेच सांगितलं. आता टीव्हीवर रस्त्यावरच्या स्केटिंगच्या जागतिक स्पर्धा दिसतात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुली पदकं घेऊन जातात, माझी नात झूटरमेरला शनिवारी शिकायला जाते आणि फोन करून मला डचमध्ये सगळं सांगते. मी कौतुक करते.

गेल्या वर्षी, आई गेल्यानंतरच्या शरदात, मला रुबेन सापडला. शोधायला फार कष्ट पडले नाहीत. कधीच पडले नसते. हार्लेममध्येच एका गल्लीत त्याचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी सायकल गाडीत घालून नेली, कारण नुसतं जायला पाय उचलत नव्हता. तो टक्कल पडलेला, चष्मा लावणारा माणूस होता, ठेंगणाच. मी म्हणाले, साखळी कुरकुरते. त्यानं सायकल टांगली, पेडल फिरवलं, कान देऊन ऐकलं, फडक्यानं साखळी पुसून तेलाचे थेंब सोडले. मला वाटलं त्यानं मला ओळखलं नाही. पैसे देऊन निघून जाता आलं असतं.

"हिवाळ्यात पातळ तेल घालत जा," तो पेडल फिरवता फिरवता म्हणाला. "जाड तेल थंडीत गोठतं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. आणि मग बोलले. फलाट, गाडी, गोदाम, सगळं. त्यानं मधे तोडलं नाही. केसांचं तेल होतं हे तेव्हाच कळलं होतं, तो म्हणाला. त्यात नवीन काही नाही. मग मी दुकानातला तो सोमवार सांगितला, लाडूंचा डबा, आईचं बोलणं, माझं भाषांतर. तेव्हा त्यानं पेडल थांबवलं.

"तुझी आई आली होती?" त्यानं विचारलं.

"हो. दुसऱ्याच दिवशी."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यानं मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. माझ्या बाजूनं कुणी एक अक्षर बोललं नाही असं मी धरून होतो, तो म्हणाला, इतकी वर्षं. घरी आईसुद्धा म्हणायची, खिशात मेण ठेवू नको म्हणून सांगत होते. मग त्यानं चष्मा काढून पुसला.

"ती काय म्हणाली होती? नेमकं?"

मी त्याला आधी मराठीतच सांगितलं, आईनं म्हटलं तसं, एकेक शब्द सुटा. चाकात तेल मी घातलं. तुमच्या त्या मुलाची काही चूक नाही. त्याला परत घ्या. मग तेच डचमध्ये सांगितलं.